चिकटपट्टीचे अठ्ठेचाळीस मिलिग्रॅम

मी पगार घेऊन बॅटऱ्यांचे हाल करतो. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने ‘आपण काय करता?’ असं विचारलं की मी हेच उत्तर देतो आणि तो हसून पुन्हा जेवायला लागतो. उत्तर मात्र अक्षरशः खरं आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमची एक लहान खासगी प्रयोगशाळा आहे. घड्याळ, टॉर्च, खेळणं, कानाचं यंत्र अशा वस्तूंमधली लिथियमची छोटी बॅटरी विमानाने किंवा जहाजाने परदेशी पाठवायची असेल, तर तिचे नमुने आधी आमच्यासारख्या ठिकाणी परीक्षेला बसतात. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकातल्या ज्या कलमाखाली हे चालतं, त्याचा क्रमांक अडतीस पॉइंट तीन. आमच्याकडे सगळे ‘अडतीस-तीन’ म्हणतात.

परीक्षा एकूण आठ. पहिली उंचीची: बंद पेटीतली हवा काढून घ्यायची आणि बॅटरी सहा तास तशीच ठेवायची, म्हणजे विमानातला दाब अगदी कमी झाला तर काय होईल ते कळतं. दुसरी थंडी-उष्णतेची: सहा तास बहात्तर अंश, सहा तास उणे चाळीस अंश, असं दहा वेळा, आणि मग एक दिवस साध्या हवेत विश्रांती. तिसरी थरथरीची, चौथी हादऱ्यांची, पाचवी शॉर्टसर्किटची. या पाचही परीक्षा त्याच बॅटऱ्यांनी ओळीने द्यायच्या असतात. उरलेल्या तीन परीक्षांसाठी वेगळे नमुने लागतात, त्यांना चिरडणं वगैरे असतं. ते पाहायला पाहुण्यांना फार आवडतं. मला वजनं आवडतात.

पास म्हणजे काय, तर बॅटरी फुटायची नाही, पेटायची नाही, गळायची नाही, तिचं व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली जायचं नाही आणि वजन घटायचं नाही. वजनाची गंमत अशी, की बॅटरीला बारीकशी फट पडली तर आतला द्रव उडून जातो; डोळ्यांना थेंब दिसत नाही, पण तराजूला कळतं. वीस-एकवीस ग्रॅमच्या बॅटरीला एका परीक्षेत शून्य पॉइंट दोन टक्के घट चालते. म्हणजे बेचाळीस मिलिग्रॅम. मी घरचे कोलम तांदूळ तोलून पाहिले आहेत, साधारण तीन दाणे. तीन दाण्यांच्या अलीकडे पास, पलीकडे नापास. असा स्वच्छ हिशेब आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळत नाही, म्हणून मी या नोकरीत टिकलो.

आता सुजाताविषयी. खरं तर तिच्याविषयी लिहायचं म्हणूनच बसलो आहे, पण नेहमीच्या सवयीने आधी नियम सांगून झाले.

सुजाता माझ्यानंतर नऊ वर्षांनी आमच्याकडे लागली. रसायनशास्त्राची पदवी, राहायला कोपरला. तिचे वडील रंगाच्या आणि थिनरच्या कारखान्यांत कंत्राटी काम करायचे. संध्याकाळी ते घरी आले की त्यांच्या शर्टाच्या वासावरून आज कुठल्या कारखान्यात पाळी होती हे ती आणि तिची आई ओळखायच्या. ‘पैज लागायची आमची,’ ती सांगायची, ‘आई नेहमी हरायची.’ असं नाक घेऊन ती आमच्याकडे आली. चेंबरचं, म्हणजे परीक्षेच्या बंद पेटीचं, दार उघडलं की ती आधी एक क्षण थांबायची, मग हात घालायची. मला ते थांबणं म्हणजे निव्वळ नाटक वाटायचं.

तिचा मला हेवा वाटायचा. हा शब्द वापरायला मला बरीच वर्षं लागली. तोवर मी त्याला ‘कामातल्या शिस्तीचा आग्रह’ म्हणत होतो.

एका महिन्यात तर मी डायरीच्या मागच्या पानावर नोंदच ठेवली. ग्राहकांनी फोनवर तिला नावाने विचारलं, तेवीस वेळा. मला, नऊ वेळा. त्या नऊपैकी चार फोन ‘मॅडम जागेवर आहेत का?’ हे विचारायला होते.

कारण मला समजत होतं, आणि तेच जास्त टोचायचं. कल्याणचे एक खेळण्यांचे व्यापारी आले होते. रिमोटच्या मोटारींच्या बॅटऱ्या.

‘दहा दहा नमुने कशाला हो? दोन तपासा, बाकीच्या आठ समजून घ्या.’

मी त्यांना कलम वाचून दाखवलं. पहिल्या पाच नव्या कोऱ्या हव्यात, पुढच्या पाच पंचवीस वेळा चार्ज करून वापरलेल्या हव्यात, आणि कारण काय तेही सांगितलं. ते उठून जायला निघाले. सुजाताने त्यांना पुन्हा बसवलं, चहा मागवला.

‘शेठ, नातू किती वर्षांचा?’

‘चार.’

‘मग या दहातली कुठली गाडी त्याच्या हातात देणार, तपासलेली की समजून घेतलेली?’

शेठनी पिशवी टेबलावर ठेवली. दहा होत्या. आधीपासून दहाच आणल्या होत्या.

आणि ओककाका. ठाण्याला नौपाड्यात त्यांचं कानाची यंत्रं दुरुस्त करण्याचं दुकान. सत्तरीला आलेला माणूस, पण त्यांनी स्वतः डोकं चालवून कानाच्या यंत्रांसाठी चार्जिंगची एक डबी बनवली होती. म्हाताऱ्या माणसांना बारीक बटणसेल बदलता येत नाहीत, म्हणून. परदेशातून त्या डबीला मागणी आली आणि मालवाहतूकवाल्यांनी अडतीस-तीनचा दाखला मागितला. ओककाका रिक्षाने आले ते घरातल्या स्टीलच्या डब्यात दहा बॅटऱ्या घेऊन. डब्यात त्या खडखडत होत्या. ज्यांना थोडं कळतं त्यांच्या अंगावर काटा यावा असं दृश्य: उघडी टोकं, धातूचा डबा, रिक्षाचे धक्के. मी त्यांना तिथल्या तिथे चांगलं सुनावलं.

सुजाताने एकेक बॅटरी बाहेर काढली, टोकांवर कागदी टेप लावली, वेगवेगळ्या पिशव्यांत भरली आणि डबा धुऊन, पुसून काकांच्या हातात दिला.

‘काकूंचा डबा दिसतोय. न सांगता आणलात ना?’

‘पोह्यांचा आहे,’ काका कुजबुजले. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘मॅडम फार हुशार आहेत हो तुमच्या.’

माझ्याकडे वळून.

त्याच सुमारास आमच्याकडे सहीचा प्रश्न निघाला. सगळ्या परीक्षा झाल्या की आम्ही एक पानी दाखला देतो. त्यावर बॅटरीचं वर्णन, वजन, कुठल्या परीक्षा पास, आणि सगळ्यात खाली सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. तो कागद मालाबरोबर जगात कुठेही जातो. सही करण्याचा अधिकार प्रयोगशाळेत एकालाच होता आणि ते गृहस्थ महिनाअखेरीस निवृत्त व्हायचे होते. नंतर कोण, याचा निर्णय करंदीकर साहेबांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या हाती. उमेदवार दोन: मी आणि सुजाता. पगारात त्याने फरक पडणार नव्हता. पण आपलं नाव कागदाच्या तळाशी छापलेलं असावं आणि त्यावर आपली सही असावी, एवढी एक गोष्ट मला मनापासून हवी होती. आणि ती तिला मिळू नये, हेही तितक्याच मनापासून.

ओककाकांची फाइल साहेबांनी मला दिली. काकांना मॅडम हव्या होत्या, हे मी डायरीत लिहिलं नाही.

दहा बॅटऱ्यांवर मी क्रमांकाचे स्टिकर लावले, वजनं घेतली. उंचीची परीक्षा दहाही पास. मग थंडी-उष्णता. ते सहा-सात दिवसांचं काम संपलं आणि सकाळी मी ट्रे बाहेर काढला. सात नंबरचा स्टिकर गरम-थंड होऊन अर्धा उचलला गेला होता. क्रमांक हरवला तर सगळी फाइल बाद, म्हणून मी चिकटपट्टीचा तुकडा कापून त्यावर नीट दाबून बसवला. मग वजनं घेतली. सात नंबर: आधी २१.४६२ ग्रॅम, नंतर २१.४५३. घट नऊ मिलिग्रॅम. मर्यादा बेचाळीस. दहाही पास.

तेवढ्यात सुजाता शेजारून तिचा ट्रे घेऊन चालली होती. ती थांबली.

‘सर, यातली एक गळतेय.’

‘वजनं झालीत. सगळी पास आहेत.’

‘वास येतोय पण. गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा.’ तिने हातमोजे चढवले आणि एकेक बॅटरी उचलून नाकापासून वीतभर अंतरावर धरली. सातव्याला थांबली. ‘ही.’

मी तिच्यापुढे तक्ता धरला. ‘नऊ मिलिग्रॅम. वाच. नाकाला या फॉर्ममध्ये रकाना नाहीये, सुजाता.’

थरथरीच्या यंत्राजवळ आमचे दोन सहकारी होते. ते हसले. त्यांनी हसावं म्हणूनच मी जरा मोठ्याने बोललो होतो. तिने बॅटरी ट्रेमध्ये जागेवर ठेवली आणि हात धुवायला गेली.

संध्याकाळी घरी माझी बायको माधवी स्वयंपाकघरात डबे आवरत होती.

‘अहो, भाजणीच्या डब्याचं लेबल निघतंय बघा. जरा चिकटपट्टी लावा ना.’

मी तुकडा कापला, लेबलावर ठेवला आणि अंगठ्याने दाबला. आणि अंगठा तिथेच राहिला. हेच मी सकाळी केलं होतं. असाच अंगठा. वजन घेण्याच्या आधी.

‘काय झालं? चहा निवतोय.’

मी तिला सांगितलं. ती चिकटपट्टी किती वजनाची असेल, असं मी विचारायला लागलो तर तिने मध्येच तोडलं.

‘म्हणजे सुजाताचं बरोबर होतं.’

‘अजून वजन कुठे केलंय?’

‘ते उद्या कराल हो तुम्ही. पण तुमचं तोंड बघा आरशात. बॅटरी गळतेय याचं तुम्हाला काही नाही. ती बरोबर निघाली याचं दुखतंय.’

मी म्हटलं, तुला यातलं काही कळत नाही. ती म्हणाली, बॅटरीतलं नाही कळत.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळेत पोचलो. चिमट्याने चिकटपट्टी सोडवली आणि तराजूवर एकटी ठेवली. ०.०४८. मग बॅटरी. २१.४०५. म्हणजे खरी घट सत्तावन्न मिलिग्रॅम. बेचाळीसच्या मर्यादेपुढे सत्तावन्न. सात नंबर नापास होती, आणि माझ्या चिकटपट्टीने तिला पास केलं होतं.

इथे वाचकांना वाटेल की गप्प बसण्याचा मोह झाला असेल. पट्टी परत लावली असती, पुढच्या परीक्षा पट्टीसकटच्या वजनावर झाल्या असत्या, कोणाला पत्ता लागला नसता. ओककाकांच्या डब्या विमानात चढल्या असत्या आणि कुणाच्या तरी आजीच्या उशाशी जाऊन बसल्या असत्या. नाही, तो मोह मला क्षणभरही झाला नाही. आकड्यांशी मी कधी खोटं वागलो नाही, हे मी अभिमानाने सांगतो. मला झाला तो मोह वेगळा होता.

करंदीकर साहेब आले तेव्हा मी तक्ता, चिकटपट्टी आणि बॅटरी तिन्ही त्यांच्या टेबलावर मांडली. चूक माझी, वजनाआधी पट्टी लावायला नको होती, तिचं वजन इतकं, खरी घट इतकी, बॅटरी नापास. काही लपवलं नाही. साहेबांनी तक्ता वाचला.

‘पाटकर, हे लक्षात कसं आलं तुमच्या?’

सुजाता तेव्हा दारापाशी अॅप्रनची बटणं लावत होती.

‘घरी विचार करत होतो, सर. शंका आली, म्हणून पुन्हा वजन केलं.’

यातलं एकही अक्षर खोटं नाही. घरी विचार केला होता, शंका आली होती, पुन्हा वजन केलं होतं. फक्त सुजाताने आदल्याच दिवशी नुसत्या वासावरून हीच बॅटरी उचलून दाखवली होती, हे एक वाक्य राहिलं. राहिलं म्हणजे मी ठेवलं. ते जिभेवर आलं होतं हे मला आजही स्पष्ट आठवतं.

साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘आपली चूक आपण होऊन आणून दाखवणारा माणूस. सहीला असाच माणूस लागतो.’

दुपारी चहाच्या वेळी सुजाता माझ्याजवळ आली. ‘वजनात सापडलं ना, सर?’

‘सापडलं.’

‘छान झालं. नाकाला तसाही रकाना नव्हता.’

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून सही माझी झाली. सुजाताने सूचनाफलक वाचला, अभिनंदन म्हणाली, पेढा घेतला आणि अर्धाच खाल्ला. मी लक्ष ठेवून होतो. ओककाकांच्या फाइलचा नापासाचा अहवाल गेला. बॅटरी बनवणाऱ्याने तिच्या पाकिटाची, म्हणजे बाहेरच्या आवरणाची, शिवण सुधारली, नवा लॉट आला आणि तो सगळ्या परीक्षा पास झाला. त्या दाखल्यावर माझी पहिली सही. ओककाका पुन्हा रिक्षाने आले, या वेळी पेढ्यांचा पुडा घेऊन.

‘मॅडम कुठेत?’

‘आज रजेवर आहेत,’ मी म्हटलं.

ती शेजारच्या खोलीत होती. मधे एक काचेचं दार, बस. काकांना दूरचं नीट दिसत नव्हतं म्हणून निभावलं.

तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे: बॅटरीवर स्टिकर नाही, पट्टी नाही, क्रमांक मार्करने लिहायचा आणि शाई वाळल्यावरच पहिलं वजन घ्यायचं. नव्या लोकांना तो ‘पाटकरांचा नियम’ म्हणून शिकवतात. पुढच्या वर्षी सुजाता ठाण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेली. निरोपाला ती चांगलं बोलली, माझ्याबद्दलही. सरांकडून मी वजन करायला शिकले, असं म्हणाली. मला ते टोमण्यासारखं लागलं. टोमणा नसावा. पण ती गेल्यावर माझा हेवा संपेल असं जे वाटलं होतं, ते काही झालं नाही. उलट आता ती काय करत असेल याचा अंदाज बांधण्यात माझा वेळ जायला लागला, आणि अंदाजात ती नेहमीच माझ्यापेक्षा पुढे असायची.

सात नंबरच्या त्या प्रकाराला आता चार वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी एक ग्राहक जुना अहवाल घेऊन आला. बॅटरीत थोडा बदल केलाय, पुन्हा सगळ्या परीक्षा लागतील का, हे त्याला विचारायचं होतं. अहवाल सुजाताच्या प्रयोगशाळेचा होता. खाली तिचं नाव, हुद्दा आणि सही. सही माझ्याहून सुटसुटीत. मी पानं उलटली. प्रत्येक परीक्षेखाली वजनाचा तक्ता, आणि तक्त्याखाली छापील ओळ: ‘चेंबर उघडताना वास’. पुढे तिच्या हाताने लिहिलेलं: ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’.

तिने नाकाला रकाना काढला होता.

ग्राहक समोर बसलेला असताना मला जे वाटलं ते सांगतो. पश्चात्ताप नाही. आधी हेवाच वाटला, कडकडून. इतका साधा रकाना मला का सुचला नाही? मग आठवलं की तो मलाच सुचला होता, भर प्रयोगशाळेत, मोठ्याने. मी त्याचा विनोद केला आणि तिने त्याचा रकाना केला.

त्या संध्याकाळी मी ओककाकांची फाइल कपाटातून काढली. दिलेला अहवाल कोणालाही खोडता येत नाही. फक्त सही करणारा त्याला सुधारणा जोडू शकतो, तीही कारण लिहून. म्हणजे जी सही मी त्या दिवशी एक वाक्य गिळून मिळवली होती, तीच आता ते वाक्य लिहायला लागणार होती. मी लिहिलं: ‘सात क्रमांकाच्या नमुन्यातील गळती प्रथम सुजाता यांनी वासावरून दाखवली. अहवालकर्त्याने ती नोंद केली नव्हती.’ आणि कागद साहेबांकडे नेला.

‘चार वर्षांपूर्वीच्या नापास अहवालाला सुधारणा? कोणी मागितलीये?’

‘कोणी नाही, सर.’

‘निकाल बदलतोय?’

‘नाही.’

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. माझ्याकडे बघितलं. ते म्हणाले, ‘बरं. फाइलला लावा,’ आणि चष्मा काढून पुसत बसले. मी बाहेर येईपर्यंत पुसतच होते.

फाइल बाहेर दाखवता येत नाही, म्हणून मी सुजाताला फोन केला. ती गेल्यापासून पहिल्यांदा. नाव सांगायची गरज पडली नाही.

‘बोला, पाटकर सर.’

मी सगळं सांगितलं. साहेबांसमोर काय बोललो, काय ठेवून घेतलं, रजेचं, पेढ्यांचं आणि फाइलला लावलेल्या सुधारणेचंही.

‘काय शब्द लिहिलेत?’ तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं.

‘वासावरून? कसला वास?’

‘म्हणजे?’

‘सर, वास कसलाही असतो. गरम प्लास्टिकचा असतो, डिंकाचा असतो, डब्यातल्या भाजीचाही असतो. मी तुम्हाला तेव्हा काय सांगितलं होतं?’

‘गोडसर. नेलपॉलिश रिमूव्हरसारखा.’

‘आठवतंय की तुम्हाला. मग लिहा ना तसं. नोंद करताय तर पुरी करा. अर्धवट नोंदीवर मी तरी माझ्याकडे सही केली नसती.’

फोन ठेवल्यावर मी ड्रॉवरमधून नवा फॉर्म काढला आणि वर लिहिलं: सुधारणा क्रमांक दोन. लिहिताना मला तिचा पुन्हा हेवा वाटत होता. तिचं बरोबर होतं.